सणसरच्या डब्यानं विमानात उगवलेला सूड

मोरगावच्या मोरयाची आन, कऱ्हेच्या पान्याची आन, आन ज्या चुलीम्होरं माझी निम्मी जिंदगी गेली त्या चुलीचीबी आन! मी सांगतोय त्यातला शबूद न् शबूद खरा हाय. खोटा निघाला तर मला वितळवा, माझ्या घंटा करा आन बोकडांच्या गळ्यात बांधा. मी हूं की चूं करनार न्हाय.

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा हाय. एकावर एक तीन कप्पं, वर झाकन आन झाकनावर कडी. ही कडी साधी समजू नका. तिला मानूस वळखता येतो.

तांबटानं मला ठोकून ठोकून घडवला. त्या ठोक्यांच्या खुना अजून माझ्या अंगावर हायत्या. तानूबाईच्या बापानं मला तिच्या लग्नात दिला. अंगावर तिचं नाव कोरलं आन मी तिच्यासंगं मोरगावच्या कोरडवाहू रानातनं सणसरच्या उसात नांदायला आलो.

माझे खरे दिवस आले ते तिचा पोरगा विशाल बारामतीला शिकायला ऱ्हायला तवा. तानूबाई पहाटं उठायची. भाकरी थापायची, कोरड्यास करायची आन मला भरून फाट्यावर आनायची. पहिली एसटी आली की मला डायवरच्या शेजारी ठेवायची. कंडक्टरला नुसतं म्हनायची, "विशालचा हाय." बास. बारामतीच्या स्टँडवर विशाल वाट बघत उभा असायचा. सांजच्या गाडीनं मी रिकामा माघारी यायचो. पाच वर्सं असा मी एकट्यानं परवास केला, पन मला कुनी तिकीट इचारलं न्हाय.

एकदा एसटीच बंद पडली. मग काय, मी टाकली उडी कालव्यात आन पवत गेलो बारामतीला, तेबी उलट्या धारंनं. कोरड्यासात पान्याचा एक थेंब गेला न्हाय. इचारा कुनालाबी.

पाच वर्सांत मी एकदाबी भरल्याला माघारी आलो न्हाय. विशाल आन त्याच्या खोलीतली पोरं कप्पा बोटानं पुसून खायची. मित्रांनो, ध्येनात ठेवा. डबा जाताना भरल्याला पायजे आन येताना रिकामा. भरल्याला डबा भरल्यालाच माघारी आला, तर समजायचं की त्यो मेला.

पुढं विशाल शिकला. हैदराबादला नोकरीला लागला. घरात इस्टील आलं, प्लास्टिक आलं आन मला शेरडांच्या भरड्याचं माप केलं. पंधरा वर्सं मी गोठ्यात काढली. एक करडू तर माझ्यातच झोपायचं.

मग विशालला पोरगी झाली. बारशाला आजीला न्यायला त्यो सवता आला. विमानाची तिकिटं काढली. तानूबाईनं मला गोठ्यातनं काढला, चिच लावून घासला, आन लसनाची धपाटी, शेंगदान्याची चटनी, सुकी वांगी असं तिन्ही कप्पं भरलं. "जातोयस का रं विशालकडं?" म्हनली. मला काय बोलता येतंय व्हय? मी नुसता चमाकलो.

पुन्याच्या विमानतळावर मला एका यंत्राच्या पोटातनं काढला. मी आत गेल्याबरोबर त्या यंत्राच्या पोटात कावळं वरडायला लागलं. तपासनीस म्हनाला, आजी, पुढच्या बारीला आमच्यासाठीबी आना.

आता नीट ऐका. विमानात तीन खुर्च्या. कडंला विशाल, मधी तानूबाई, खिडकीला एक सायब. निळा कोट, हातात मोठं घड्याळ. विशाल बसला तसा डोळं झाकून घोरायला लागला. त्याला पुढचं काय म्हंजे काय ठाव न्हाय.

विमान वर गेलं आन एक पोरगी खान्याची गाडी ढकलत आली. लोकं एकदम हुशार झाली, पंगत बसल्यावानी. पन हितं सगळं इकत. म्होरच्या एका तात्यांनी खान्याचा कागद उघडला, किंमत वाचली आन इंचू चावल्यावानी मिटला. म्हनले, आत्ताच जेवून आलोय. पलीकडचा एकजन भांडत व्हता की तिकिटात न्याहारी धरली न्हाय म्हंजे काय. एका बाईनं इचारलं, पानी तरी फुकट हाय ना? व्हय म्हनल्यावर तिनं चार गिलास पानी पिलं आन मग तिला उठायला जागा मिळंना.

गाडी तानूबाईपाशी आली. पोरीनं ग्वाड हसून इचारलं, काय घेनार का? तानूबाई म्हनली, "नगं गं बाई, पोट भरलंय."

मित्रांनो, आपल्याकडची रीत तुमाला ठाव हाय. पहिल्यांदा नगं म्हनायचं असतं. समोरच्यानं आग्रव करायचा असतो. दुसऱ्यांदा जरा कमी नगं म्हनायचं आन तिसऱ्यांदा ताट म्होरं वढायचं. पहिल्याच हाकंला जो व्हय म्हनतो त्याला आमी खादाड म्हनतो. तानूबाईनं रीतीपरमानं पहिलं नगं म्हनलं आन वाट बघत बसली. पोरगी "बरं" म्हनली आन गाडी म्होरं गेली.

तानूबाई त्या गाडीच्या पाठीकडं बघतच ऱ्हायली.

मग तिनं मला मांडीवर घेतला. कडीला हात घातला, झाकन निम्मं उघडलं आन लसनाचा वास सुटला. तवाच खिडकीकडनं आवाज आला. हळू, पन चार खुर्च्यांला ऐकू जाईल असा.

"आजी, झाका तो डबा. ही एसटी न्हाय. लोकं बघून हसत्यात. घरी गेलं की पहिला मोडीत घाला."

आन त्यो सवता हसला. म्होरचं दोघं-तिघंबी हसलं. तानूबाईनं कडी लावली. मग सायबानं कपातला उपमा इकत घेतला आन शेजारच्या म्हातारीला "या खायला" बी न म्हनता सगळा एकट्यानं हानला. माझी बाई भरला डबा मांडीवर घेऊन हैदराबादपतोर उपाशी बसली.

घरी गेल्यावर तिनं ती धपाटी गपचिप कचऱ्यात टाकली. पहिल्यांदाच माझ्यातलं अन्न असं वाया गेलं. मला पुसता पुसता ती म्हनली, "गावाला गेलं की तुला मोडीतच घालते बाबा. तुझ्यापायी हसू झालं."

तितंच मी डूख धरला. नागानं धरावा तसा. म्हनलं, मी मोडीत जाईन, पन त्याच्याआधी त्या गाडीचं आन त्या खिडकीतल्याचं उसनं फेडून जाईन.

बारसं झालं. म्हैना झाला. माघारी निघायचा दिवस आला. विशाल सोडायला संगं निघाला. मोडीत घालायचा झाला तरी डबा रिकामा कसा न्यायचा? आपल्यात रिकामं भांडं घराभाईर काढत न्हायती, चिमूटभर साखर तरी घालत्यात. आन तानूबाईला चिमटीनं काय करताच येत न्हाय. तिनं परत तीस धपाटी लाटली. मी मनात म्हनलं, आता बघा.

आन बघा मोरयाची करनी! विमानात गेलो तर खिडकीत कोन? त्योच सायब. त्योच निळा कोट. योगायोग म्हना, न्हायतर त्याचं भोग म्हना.

त्या दिशी विमान दोन घंटं जागचं हाललंच न्हाय. आत कोंडून ठेवल्याली मानसं भुकंनं कावली. वर गेल्यावर गाडी निघाली, तशी एरवी किंमती वाचून त्वांड वाकडं करनारी मानसंबी हात वर करायला लागली. पन बाराव्या रांगंतच गाडी रिकामी झाली. आमी व्हतो इसाव्या रांगंत. तीच मागची पोरगी आली आन म्हनली, आता नुसता रस शिल्लक हाय. त्यो कसला तर हिरव्या सफरचंदाचा. पलीकडं इंदापूरचे अफजलभाई बसले व्हते, डाळिंबाचे व्यापारी. ते म्हनले, "पोरी, हिरव्या रसावर आमचा जीव निघंल, पन भूक जायची न्हाय."

माझी बाई मात्र मला पदराखाली दाबून बसली व्हती. उघडंना. तिला त्या हसन्याचं भ्याव बसलं व्हतं. मग म्या काय केलं? मी सवताच कडी सोडली. टचकन. झाकन उडालं आन लसनाचा वास पार डायवरपतोर गेला. विमान जरासं खालीबी झुकलं म्हनत्यात.

अफजलभाईंनी मान वळवली. माझ्याकडं बघितलं आन एकदम उठून उभं ऱ्हायले.

"ह्यो सणसरच्या फाट्यावरचा डबा न्हवं? भाभी, म्या ह्या डब्याच्या शेजारी बसून पाच वर्सं बारामतीचा बाजार केला. वासावरच दिवस काढलं. आज तरी एक घास द्या."

तानूबाईनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आन पदर खवला.

मग पंगत झाली, मित्रांनो. जिमिनीपासनं चार कोस वर! ती मधल्या वाटंनं हिंडली. अफजलभाई म्होरं, आवाज देत, "या, जेवाया या." कुनी नगं म्हनलं तर ती हालायची न्हाय. दुसऱ्यांदा इचारायची, तिसऱ्यांदा हातावर ठेवूनच म्होरं जायची. ते किंमत वाचनारे तात्या ह्याबी विमानात व्हते, ते तीन धपाटी खाऊन चौथ्यासाठी हात पुसत बसले. गाडीवाल्या पोरीला तिनं इचारलं. पोरगी लाजून म्हनली, नको आजी, डूटीवर हाय. तानूबाईनं तिचा हात धरला.

"ऐक गं बाई. पावना नगं म्हनतोच. पन इचारनाऱ्यानं थांबायचं नसतं. सकाळधरनं काय खाल्लंयस?"

पोरीच्या डोळ्यांत टचकन पानी आलं. तिनं पडद्यामागं जाऊन दोन धपाटी खाल्ली आन रिकामी गाडी कोपऱ्यात लाजून उभी ऱ्हायली. माझा सूड निम्मा झाला.

शेवटाला तानूबाई आपल्या जाग्यावर आली. एक धपाटं उरलं व्हतं. खिडकीतल्याच्या तोंडाला पानी सुटलं व्हतं, मला सवता दिसलं. तानूबाई त्याच्याकडं वळली आन ग्वाड हसून म्हनली, "काय घेनार का?"

त्यो वशाळला. रीतीपरमानं म्हनला, "नगं, पोट भरलंय."

"बरं," तानूबाई म्हनली आन कडी लावली.

मित्रांनो, त्या "बरं"साठी मी गोठ्यातली पंधरा वर्सं आनखी काढीन. त्यो पुन्यापतोर वाट बघत बसला, ही दुसऱ्यांदा कवा इचारती म्हनून. तिनं इचारलं न्हाय. त्याच्या पोटातला आवाज मला ऐकू येत व्हता. इतका ग्वाड आवाज म्या जल्मात ऐकला न्हाय.

मला मोडीत घातलं न्हाय. तानूबाईनं बारामतीत मला कल्हई करून घेतली. आज मी तिच्या फळीवर मानानं बसतोय आन शेरडं इस्टीलच्या डब्यात भरडा खात्यात. म्हनून सांगतो, जुन्या भांड्याला वरसातनं एकदा कल्हई करा, चिच लावून घासा आन त्याला कवाच हसू नका. भांड्याला त्वांड नसतं, पन डूख असतो.

आता मघाशी मी मोरयाची आन घेतली हाय, तवा एक सांगूनच टाकतो. कालव्याचं इचारू नका, ते खरंच हाय. पन खिडकीत सायब नव्हता. जाताना न्हाय आन येतानाबी न्हाय. खिडकीत विशाल व्हता आन कडंची खुर्ची मोकळी व्हती. त्यो घोरतबी नव्हता. आन त्यो "आजी" म्हनला नव्हता. "आई" म्हनला व्हता.

ज्याच्या पोटात पाच वर्सं रोज भाकर घातली, त्याचं नाव घ्यायला माझी जीभ रेटना, म्हनून त्याला सायबाचा कोट घातला.

सुट्टीला अजून येतो त्यो सणसरला. तानूबाई त्याला जेवायचं एकदाच इचारती. आता त्यो पहिल्याच हाकंला व्हय म्हनतो.