जिनिंगमधलं पाळणाघर

मनिषाने झोळीच्या दोरीला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. गाठ सरकली नाही. मग तिने दुसऱ्या झोळीचीही तशीच परीक्षा घेतली, खालची सतरंजी झटकून पुन्हा अंथरली, माठावरचं झाकण नीट केलं आणि दारात येऊन उभी राहिली. भोंगा होऊन गेला होता. बायका फाटकातून आत येत होत्या, काहींच्या कडेवर लेकरं होती, आणि त्या सगळ्या खोलीला वळसा घालून कापसाच्या गंजीकडे जात होत्या.

"करिष्मा, दे ग तिला इकडं," मनिषाने हाक मारली.

करिष्माने कडेवरच्या मुलीचं डोकं पदराखाली घेतलं. "रडती ग लई. सवय न्हाई तिला."

"मी लावते की सवय."

"उद्या बघू," म्हणत ती पुढे गेली. हा उद्या खोली उघडल्यापासून चालला होता.

सिरसाळ्याच्या बाहेर, परळीच्या रस्त्याला ही जिनिंग. इथे कापूस येतो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधून ट्रक जातात. इतक्या बायका कामाला असल्या की त्यांच्या लेकरांसाठी खोली हवी, सांभाळायला बाई हवी, हे कायद्यात पहिल्यापासून होतं. कायदा ऑफिसच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत टांगलेलाही होता, चक्क मराठीत. पण मालक विजयसिंह बरोबर त्याच्याखाली खुर्ची टाकून बसत, त्यामुळे त्यांची त्याच्याकडे कायमची पाठ.

दिवाळीनंतर मनिषाचा सत्यम गंजीच्या सावलीला झोपला होता. नुकता बसायला लागला होता. ट्रॅक्टरने पलीकडून कापूस लोटला आणि इकडची बाजू ढासळली. त्याला बाहेर काढलं तेव्हा अंगावर साधा ओरखडा नव्हता. पापण्यांना तेवढा कापूस लागला होता.

मग अधिकारी आले, कागद झाले. विजयसिंहांनी मनिषाला आणि तिच्या नवऱ्याला, प्रविणला, ऑफिसात बोलावलं आणि काय म्हणणं आहे ते विचारलं. प्रविणने मनिषाकडे बघितलं. मनिषाच म्हणाली, "लेकरांसाठी खोली करा. मी सांभाळते."

बारदाना, म्हणजे रिकामी पोती ठेवायची खोली मोकळी झाली. चुना लागला. पेंटरने भिंतीवर ससा काढला. तो कुत्र्यासारखा झाला, पण हसरा होता. खोली कायद्यात नीट बसली. लेकरं मात्र कायद्याने आणता येत नाहीत.

ऊन वर आल्यावर मॅनेजर राधाकिशन दारात डोकावले.

"आज बी न्हाई कुणी?"

"येतील साहेब."

"माझा काही विरोध न्हाई, मनिषाबाई. पण पुढच्या आठवड्यात तपासणीवाले येणारेत. रिकामी खोली बघून ते काय लिहितील? गरज न्हाई म्हणून. मग विजयसिंहभैया हितं परत बारदाना टाकतेत. मला विचारणार न्हाईत ते."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. तो गेल्यावर मनिषा सतरंजीवर बसली. ही खोली गेली तर सत्यमच्या नावाने जगात काहीच उरणार नव्हतं. त्याचा फोटोसुद्धा काढायचा राहून गेला होता.

ती उठली आणि गंजीकडे गेली. करिष्माची मुलगी ट्रॉलीच्या चाकापाशी बसली होती. जुन्या लुगड्याची पट्टी तिच्या पायाला आणि चाकाला बांधलेली. केसांत कापूस, नाकाखाली शेंबूड, मुठीत माती. मनिषा खाली बसली आणि गाठ सोडू लागली. करिष्मा धावत आली.

"राहू दे तिला."

"चाकाला बांधतीस? माझं दिसलं न्हाई का ग तुला?"

"दिसलं म्हणून तर बांधलं. रांगत गंजीकड जाऊ नये म्हणून."

"मग खोलीत का म्हून देत न्हाईस?"

आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले. त्यांच्यात वडीलधारी सुभद्राबाई, तिने कापसातली काडी शोधल्यासारखं करत मान खाली घातली. "मनिषा, जा बाई तू," एवढंच ती म्हणाली.

करिष्माने मुलीला छातीशी धरलं होतं आणि ती स्वतःच रडायला लागली होती. "सासू म्हणती, जिच्या मांडीवरचं गेलं तिच्या मांडीवर आपलं देऊ नको. मी न्हाई मानत ग, आईची शपथ. पण धीर होत न्हाई."

माझ्या मांडीवरचं नाही गेलं, गंजीखालचं गेलं, असं मनिषाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण करिष्माने मुलीचं तोंड पदराने झाकून घेतलं होतं. ते बघून ती परत फिरली.

खोलीचं दार लावून ती आत बसली. राग तिला करिष्माचा आला, तिच्या सासूचा आला, सुभद्राबाईच्या खाली घातलेल्या मानेचा आला. आणि सगळ्यांत जास्त राग या गोष्टीचा आला की असं दुसऱ्या कुणाचं गेलं असतं, तर त्या बाईच्या हातात तिनेही सत्यमला दिलं नसतं.

संध्याकाळी आवार झाडणाऱ्या छबुबाईला तिने गाठलं. छबुबाईची सगळी लेकरं जगलेली, घर नातवंडांनी भरलेलं. एका कानाने कमी ऐकू यायचं आणि बसल्या जागी पेंग यायची, पण ते कुणी बघत नाही.

"मावशी, उद्यापसनं खोली तुमी बघा. मी गंजीवर जाते. साहेबाला मी सांगते."

"मला दुपारची झोप लागती ग."

"लागू द्यायची न्हाई. पाणी गाळून द्यायचं. दाराला आडवी फळी हाय, ती काढायची न्हाई. आन एकेकाच्या तोंडाकड सारखं बघत जायचं. श्वास चाललाय का ते."

"आन तू गंजीवर? त्याच?"

"दुसरी कुठं हाय," मनिषा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी करिष्माची मुलगी सगळ्यांत आधी आली. मग सुभद्राबाईचा नातू आला, मग बाकीची. झोळ्या कमी पडल्या. तपासणीवाले आले, बघून खूश झाले आणि छबुबाईला शाबासकी देऊन गेले. तिला ती नीट ऐकू आली नाही. मनिषा गंजीवर कापूस निवडत होती. जेवणाच्या सुट्टीत करिष्माने आपल्यातला ठेचा तिच्या भाकरीवर ठेवला. मनिषाने तो खाल्ला. दोघी तेवढ्यावरच राहिल्या.

पुढे एका दुपारी घाटनांदूरकडची एक नवीन बाई कामाला आली. स्वप्ना नाव. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू. खोलीशेजारच्या नळावर मनिषा पाणी पीत होती, मागे करिष्मा घागर घेऊन उभी होती.

"अक्का, हितं लेकरं सांभाळतेत म्हणं?"

"सांभाळतेत की," मनिषा म्हणाली.

"नीट बघतेत का? माझं पहिलंच हाय."

"लई नीट. डोळ्यात तेल घालून बघतेत. बिनघोर ठिव."

स्वप्नाचा चेहरा सैल झाला. "धर बरं जरा ह्याला, बोचकं उतरवते," म्हणत तिने लेकरू पुढे केलं. लेकरूही ओळख असल्यासारखं मनिषाकडे झेपावलं.

मनिषा एक पाऊल मागे सरली. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मावशी," ती इतक्या मोठ्याने म्हणाली की छबुबाईला पहिल्याच हाकेला ऐकू आलं, "लेकरू आलंय. घ्या तेवढं."

स्वप्नाने लेकराला परत कडेवर ओढलं, डोक्यावरचं बोचकं कसंबसं सावरलं आणि करिष्माकडे वळली.

"कसली बाई हाय ग ही. घडीभर लेकरू धराया हात झडतेत का हिचे?"

करिष्माने घागर नळाखाली लावली. मनिषा गंजीकडे निघाली होती. दोन्ही हात अजून पदराखालीच होते.