सिंगापूरला गेलेली किल्ली

शिक्षकांच्या अभ्यासदौऱ्यावर सिंगापूरला आलेल्या भूपाल सरांनी कार्यशाळेत सांगून टाकलं, "आमच्या निपाणीकडच्या शाळेत प्रत्येक मूल रोज दुपारी कपाटातलं आवडीचं पुस्तक काढून वाचतं." टाळ्या पडल्या. सरांना त्या गोड लागल्या.

तिथल्या मिसेस टॅन मोठ्या हौशी. "मग आत्ताच बघू या की तुमची मुलं!" म्हणाल्या आणि सरांचा फोन मोठ्या पडद्याला जोडून मोकळ्या झाल्या.

सरांना शाळेत व्हिडिओ कॉल लावावाच लागला. पडद्यावर हेडबाई राजश्री आक्का दिसल्या, मागे पाचवीचा वर्ग.

"पोरांनो, पुस्तकं काढा बघू," सर घाईनं म्हणाले.

"कुठली ओ सर?" ब्राह्मी पुढं आली.

"कपाटातली गं."

"उघडायचं कसं? किल्ली तर तुम्हीच संगट नेलासा! मळतील म्हणून कधी हात लावू देत न्हाईसा की."

वर्गात खसखस पिकली. "ब्राह्मे, गप बस गं," आक्का दटावू लागल्या.

मिसेस टॅन कौतुकानं वळल्या. "काय म्हणाली ती?"

सोबतचे शिक्षक दुसऱ्या दालनात होते. इथं मराठी कुणालाच कळत नव्हतं. 'पुस्तक निवडतेय' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. सरांची कानशिलं तापली. पोरगी अजून उत्तराची वाट बघत होती आणि तिच्यामागं काचेआड पुस्तकं कोरी करकरीत उभी होती.

सरांनी खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"कपाटाला कुलूप आहे म्हणते. खरं आहे," ते म्हणाले. मग पडद्याकडं न बघताच पुटपुटले, "आक्का, फोडा ते कुलूप."