वरून घातलेलं पाणी

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात मद्रासच्या पल्याडची, पूंदमल्लीकडची सगळी रानं तव्यासारखी तापली होती. तळ्याच्या बुडाला अशा भेगा पडल्या, की शेळ्या त्यांत पाय घालून मोडून घेत. शहराला पाणी नाही म्हणून टँकर गावोगाव विहिरी हुंगत फिरत. अशा दिवसांत राजसबाईच्या विहिरीत मात्र पुरुषभर गोडं पाणी होतं. त्या पाण्याचा तिला गर्व होता. आणि गर्व लपवायची तिची जातकुळी नव्हती.

सकाळच्या बसनं मैलापूरच्या बाजाराला भाजी न्यायची, म्हणून मायलेकी विहिरीजवळ बसून जुड्या बांधत होत्या. केळीच्या सोपटाची दोरी दातात धरायची, जुडीला एक वेढा, एक गाठ, की टाक टोपलीत.

"आवळून बांध गं सुंदरे. त्या मैलापूरच्या बाया जुडी अशी फिरवून बघतात, जणू लेकाला नवरी पसंत करायला आल्यात."

तेवढ्यात कुंपणापल्याडून हाक आली, "अक्का..."

राजसबाईनं मान वर केली नाही. "कोण गं? टँकरवाला आला का?"

"मी हाय, अक्का. सई."

"अगं बाई! म्हंजे आज सूर्य पूर्वेच्या समुद्रात मावळणार म्हणायचा!"

सईबाई तिची धाकटी जाऊ. मध्ये एक काटेरी कुंपण, पण सात वर्षांत दोघींचं बोलणं नव्हतं. त्याला कारण होतं. राजसबाईचा नवरा व्यंकोजी छातीच्या दुखण्यानं मिशनच्या दवाखान्यात दीड वर्ष पडून होता. तिथल्या माणसांनी त्याची घाण काढली, त्याला घास भरवला. तो बरा होऊन आला तो येशूचं नाव घेतच, आणि मागोमाग बायको-लेकीचाही बाप्तिस्मा झाला. धाकट्या तुळजाजीनं त्याच महिन्यात वाटण्या केल्या. विहीर थोरल्याकडं गेली, म्हातारी आई हेमावती धाकट्याकडं. तुळजाजीनं आपली वेगळी विहीर खणली, आणि त्या घरानं किरिस्तावाच्या विहिरीचा थेंब वर्ज्य केला. पुढं व्यंकोजी गेला, तरी कुंपण राहिलं.

एवढं राजसबाईनं सोसलं असतं. पण सात वर्षांमागं सईच्या लेकीच्या लग्नात भर मांडवात सगळ्यांना पेले दिले आणि थोरल्या जावेला सईनं वरून ओंजळीत पाणी घातलं. कोपरावरून ओघळून चोळीची बाही भिजली. ती बाही कधीच वाळली होती. राजसबाईच्या मनात मात्र अजून ओलीच होती.

"आत्याबाईंचं काई खरं न्हाई, अक्का," सई म्हणाली. तिच्या काखेत घागर होती. "चार दिस झालं, अन्न सोडलंय. आमची हीर आटली. टँकरचं पाणी तोंडात घातलं की थुंकतात. खारं हाय म्हणतात. माझ्या हिरीचं आणा, म्हणतात. नवी सून हून आले तवा जिचं पाणी वढलं, तिचं."

"अन् तुळजाजीभावजींना चालतंय व्हय?"

"त्यांना ठावं न्हाई."

"अडला हरी..." एवढं म्हणून राजसबाईनं पुढचं गिळलं. गिळलं तेही अशा बेतानं, की सईला बरोबर ऐकू जावं. मग उठली, पोहरा सोडला, भरून वर ओढला. सई घागर घेऊन विहिरीची पायरी चढायला लागली.

"थांब! खालीच ऱ्हा. माझ्या पोहऱ्याला लागून तुझी घागर बाटंल. धर तिथनंच. मी वरून घालते."

सई थबकली. थोरलीकडं बघितलं. मग दोन्ही हातांनी घागर उचलून धरली. राजसबाईनं वरून धार सोडली. निम्मं घागरीत गेलं, निम्मं सईच्या तोंडावर, छातीवर, पायांत. तापलेली भुई ते चर्र करून प्याली. भिजलेल्या तोंडावर पाणी कुठलं आणि टिपं कुठली, ते कळायला वाव नव्हता. अर्धी घागर घेऊन सई निघून गेली.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं? पाणी दिलं! तिनं दिलं तसंच दिलं. येशूनं बघितलंय."

"बघितलं असंल, तर वाईटच झालं," सुंदरी म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. "यायचं तर यील. वाट काय मी खणून टाकली?" राजसबाई आपणच बडबडे. पण सकाळी एक घागर भरून झाकून ठेवी, आणि सांज झाली की ती भाजीच्या वाफ्यात ओती. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत.

रविवारी देवळात एका तान्ह्या पोरीचा बाप्तिस्मा होता. पाद्रीबाबांनी पोरीला घेतलं, डाव्या हाताचा तळवा मानेखाली धरला आणि उजव्या ओंजळीनं तिच्या कपाळावर पाणी सोडलं. पोर रडली नाही, नुसती डोळे मिचकावून बघत राहिली. राजसबाई बघतच राहिली. वरूनच घातलं होतं की पाणी! पण एक हात मानेखाली होता.

सगळ्यांनी "दया कर, प्रभू" म्हटलं. ती उठली आणि प्रार्थना अर्धी टाकून तरातरा घरी आली. घागर काठोकाठ भरली, डोक्यावर घेतली, कुंपणाचे काटे हातानं बाजूला सारून वाट केली आणि सात वर्षांनी धाकटीच्या अंगणात पाय ठेवला.

अंगणात माणसं उभी होती. तुळजाजी उघड्या डोक्यानं खाली बघत बसला होता. ओसरीवर म्हातारीला उत्तरेला डोकं करून निजवलं होतं.

"पहाटंच गेल्या," सई म्हणाली.

राजसबाईच्या डोक्यावरची घागर हिंदकळली. तिनं ती उतरवून ओसरीच्या कडेला ठेवली. मग म्हणाली, "का आली न्हाईस गं परत? मी रोज भरून..."

"कुठल्या तोंडानं येऊ?" सईनं आवाज खाली केला. "त्या दिशी दोन घोट पाजले. म्हणाल्या, कुणी दिलं? मी म्हटलं, थोरलीनं. आपल्या हातानं काढून, आत्याबाईंना पाजा म्हणून दिलं. मी खोटं बोलले, अक्का. तर म्हणाल्या, थोरलीनं दिलंय व्हय, मग गोडच असणार. पुन्ना मागितलं, तर मी म्हटलं, उद्या ती सोता घिऊन यील. परवापतुर दाराकडं बघत हुत्या."

दया आपल्या विहिरीत आहे, असं राजसबाई इतकी वर्षं समजत होती.

म्हातारीला आंघोळ घालायची वेळ झाली. सईनं ती घागर पुढं ओढली, तसा तुळजाजी तटकन उठला. "ते पाणी? आईच्या अंगाला?"

"आईनंच मागितलं हुतं," सई म्हणाली. "जित्तेपणी पोटभर दिलं न्हाई आपण. ना तुमी, ना मी, ना अक्कांनी. आता तरी आडवं येऊ नगा."

तुळजाजीनं तोंड फिरवलं. सईनं तांब्या भरला आणि जावेच्या हातात दिला, बोटाला बोट लावून. "घाला, अक्का. थोरल्या तुमीच."

राजसबाईनं डावा हात म्हातारीच्या मानेखाली घातला. मान वाळल्या शेंगेसारखी हलकी लागली. तांब्या कपाळाजवळ नेऊन कलता केला, तशी धार भुवयांवरून खाली ओघळली.

"हळू, अक्का," सई शेजारी बसत म्हणाली, "डोळ्यांत जाईल त्यांच्या."