कोण ओरडतंय ते ऐकायचं

मुलांनो, एक मोठं वाचनालय डोळ्यांसमोर आणा. उंच छत, लांबच लांब दालन, भिंतीवर शांतता राखण्याची पाटी. टेबलांवर संगणक आणि प्रत्येक संगणकापुढे एक खाली घातलेली मान. आणलंत? आता दालनाच्या मागे एक बिनखिडकीची खोली आणा. तिच्यात एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे दुसऱ्या संगणकांना हवं ते पुरवणारा संगणक. याला पडदा नाही, म्हणून याच्यापुढे कोणी बसत नाही. कोणी बसत नाही, म्हणून तो आहे हेही कोणाच्या लक्षात राहत नाही. नुसता त्याचा पंखा घुमत असतो.

या खोलीची किल्ली एका बाईकडे होती. तिच्या मुलीला सगळे शेपटी म्हणत, कारण शाळा सुटली की ती जी आईच्या मागे लागायची ती दालन बंद होईपर्यंत. आणि दालनातले टेबलांवरचे संगणक सांभाळायचा तो शेपटीचा मामा, आईचा सख्खा धाकटा भाऊ.

या बहीणभावाचं एक जुनं भांडण होतं. प्रत्येक संगणकाच्या पोटात एक कारभारी असतो. कोणतं काम आधी, कोणतं मागून, कोणाला किती जागा, हे सगळं तो ठरवतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मामाच्या टेबलांवर विंडोज होती, आईच्या खोलीत लिनक्स. कामाच्या जागी राज्य कोणाचं, यावरून जेवणाचे डबे उघडले की दोघांची जुंपायची.

“ताई, कुठल्याही कचेरीत जा,” मामा म्हणायचा. “बँकेत जा, दवाखान्यात जा. टेबलांवर बहुतेक माझंच. तुझं लिनक्स कुठे दिसतंय? दुर्बीण आणू का?”

“टेबलं तूच घे रे बाबा. पण एकदा खाली वाकून बघ. तार दिसते ना? ती धरून चालत जा. ज्या दाराशी पोचशील, त्याच्यामागे बहुतेक वेळा माझं असतं.”

“म्हणजे मी राजा आणि तू तळघरातली भुताटकी.”

“हो, भुताटकीच. ती रुसली ना, की राजेसाहेबांच्या पडद्यावर नुसतं चाक फिरत राहतं.”

“शेपटे, तू कोणाच्या बाजूची?”

“आज ज्याच्या डब्यात गोड आहे त्याच्या,” शेपटी म्हणायची, आणि दोन्ही डब्यांत हात घालायची.

मग वाचनालयात नवे व्यवस्थापक आले. त्यांनीही एकदा हा वाद ऐकला, पण त्यांना तो खेळ वाटला नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोघांना समोर बसवलं.

“पुस्तकांची नोंद तर आता लांबच्या भाड्याच्या यंत्रांवर गेली आहे ना?”

“गेली. तिथेही लिनक्सच आहे, साहेब,” आई म्हणाली.

“असेल. पण ते सांभाळायला तिथली माणसं आहेत. मग आपल्याकडे दोन कारभारी कशाला, आणि त्यांना सांभाळायला दोन माणसं तरी कशाला? बाई, त्या मागच्या खोलीतल्या यंत्रावर आता चालतं काय?”

आईला खोटं बोलता आलं असतं. पण ती म्हणाली, “मला माहीत होतं ते सगळं हललंय. माझ्याआधीच्या माणसाने त्यात आणखी काय ठेवलं होतं, ते पुरतं मलाही ठाऊक नाही.”

साहेबांनी मामाकडे पाहिलं. मामाने टेबलाच्या कडेकडे पाहिलं. “आमच्या कामात एक रीत आहे,” तो पुटपुटला. “यंत्र काय करतं ते कळत नसेल, तर ते बंद करायचं आणि कोण ओरडतंय ते ऐकायचं.”

“छान! शुक्रवारी दालन बंद होईपर्यंत ऐकू. एकाही सभासदाने तक्रार केली नाही, तर यंत्र भंगारात. आणि बाई, तुमची जागाही मग ठेवता येणार नाही.”

प्लग मामानेच काढला. पंखा घुमत घुमत थांबला. त्या दिवसापासून डबे वेगवेगळ्या टेबलांवर उघडू लागले.

आई फोनपाशी बसून राहायची. तो वाजला की शेपटी धावत तिच्याजवळ यायची. एकदा कोणी विसरलेल्या छत्रीची चौकशी केली. एकदा दुसऱ्याच कुणाचा फोन चुकून इथे लागला. बाकी सगळं सुरळीत. पडदे उजळ, माना खाली. घरी शेपटीने फाटलेल्या बुटांचा विषय काढला, तर आई “बघू हं” म्हणाली. ती नेहमी “घेऊ हं” म्हणायची.

शुक्रवार आला. आई किल्ली परत करायला वर साहेबांच्या खोलीत गेली. शेपटी दालनात उगाच फिरत होती. अगदी शेवटच्या कोपऱ्यात, जिथे डोळ्यांनी अधू माणसांसाठी पुस्तकं ऐकायची सोय होती, तिथे शिवणवाल्या आजी बसल्या होत्या. जन्मभर लोकांचे कपडे शिवून त्यांची नजर गेली होती. त्या रोज यायच्या आणि कानांवर हेडफोन लावून हसायच्या, कधी डोळे पुसायच्या. आज त्या नुसत्याच बसल्या होत्या.

“आजी, आज कोणतं पुस्तक?”

आजींनी हेडफोन थोडा सरकवला. “कुणाला सांगू नकोस हं बाळ. या आठवड्यात काहीच ऐकू येत नाहीये. बटण पार शेवटपर्यंत फिरवून झालं. डोळे तर गेलेच होते, आता कानही निघाले.”

“पण माझं तर ऐकू येतंय!”

“तू कानाशी बोलतेस म्हणून. बारीक आवाज आधी जातात.”

शेपटीला एकदम आईचं बोलणं आठवलं. ती टेबलाखाली वाकली. हेडफोनच्या पेटीतून एक धुळकट तार निघाली होती. शेपटी तिच्यामागे रांगत निघाली. कपाटांच्या मागून, भिंतीच्या कडेने, लोकांच्या पायांजवळून ती तार गेली आणि मागच्या खोलीच्या दाराखालून आत शिरली. दारामागे आता शांत होतं.

ती धावत मामाकडे गेली. ऐकता ऐकता मामाचा चेहरा उतरला.

“ती पुस्तकं त्या पेटीतच आहेत असं धरून चाललो होतो आम्ही,” तो म्हणाला. “पण शेपटे, तक्रार आजींनीच करायला हवी. मी केली तर साहेब म्हणतील, बहिणीसाठी रचलंय. जा, त्यांना विचार. दालन बंद व्हायला आलंय.”

शेपटी परत गेली. “आजी, तुमचे कान चांगले आहेत. यंत्रच बंद केलंय आमच्याकडे. तुम्ही तक्रार करा ना!”

आजींनी हाताने चाचपून तिचा गाल शोधला. “गुणाची गं माझी बाय. म्हातारीची समजूत काढतेस होय? पण बंद असतं तर चार जणांनी बोंब मारली असती. माझ्या कानांची तक्रार मी कुठे करू? घरी कळलं, तर एकटीने इथे येणंही बंद करतील.”

दालनातले दिवे एकेक करून मालवले जाऊ लागले. जिन्यावर आईची पावलं वाजली, सावकाश, किल्लीच्या आवाजाशिवाय. आजी हेडफोनची वायर हळूहळू गुंडाळत होत्या.

शेपटीने जवळच्या कपाटातलं हाताला लागेल ते पुस्तक ओढलं. आता आजींच्या कानाशी बोलायचं नाही, असं ठरवून ती त्यांच्यापासून दूर चालत गेली, टेबलं मागे टाकत, शांततेच्या पाटीखालून, थेट दालनाच्या दुसऱ्या टोकाच्या दारापर्यंत. तिथे ती खुर्चीवर चढली, पुस्तक उघडलं आणि छाती भरून श्वास घेऊन पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागली. माना वर झाल्या. कोणीतरी “शूऽऽ” केलं. साहेब जिन्याच्या कठड्यावरून वाकले. शेपटीने कोणाकडेही पाहिलं नाही. लांब कोपऱ्यात वायर गुंडाळणारे हात थांबले होते, तेवढे तिला दिसले, आणि तिने पान उलटून आवाज आणखी चढवला.