चमकेचा आकडा

ताई संगीत रचायची आणि धाकटी तिच्यासाठी वाद्यं लिहायची. लिहायची म्हणजे अक्षरशः लिहायची. ना लाकूड, ना तार, नुसता चाळीसेक ओळींचा कोड: सूर किती झटकन उठावा, किती टिकावा, कसा विरावा. ताई त्याला ‘तुझी आकडेमोड’ म्हणून हिणवायची, पण त्या आकडेमोडीवाचून तिचं पान हलत नसे.

या खेपेचं वाद्य होतं घंटेसारखं. ताई हेडफोन लावून ऐकायची आणि म्हणायची, “बोथट वाटतंय गं. चमक वाढव.” धाकटीने चमकेचा, म्हणजे सुरातल्या वरच्या झंकाराचा, आकडा तीनाचा पाच केला, पाचाचा सात. नऊवर तिच्या स्वतःच्या कानात सुई टोचल्यासारखं झालं. ताई मात्र खूश. “आत्ता कसं!”

धाकटीच्या लक्षात आलं. ताईला वरचे स्वर ऐकू येईनासे झाले होते.

सांगणार कसं? जिचं सगळं आयुष्य कानांवर चाललं, तिला काय म्हणायचं? धाकटीची जीभ रेटेना. मग तिने भेकड मार्ग धरला. वाद्य एक, फायली दोन: ताईच्या हेडफोनला नऊ, कार्यक्रमाच्या सभागृहाला तीन. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी स्वतःची समजूतही घातली.

पण सवय वाईट. कोड लिहिणारे आपल्यासाठी मध्ये मध्ये टिपणं लिहून ठेवतात. यंत्र त्या ओळी वगळतं, माणूस वाचतो. या शहाणीनेही तीनच्या शेजारी इमानेइतबारे लिहून ठेवलं: ‘खरी चमक. ताईला ऐकवायची नाही.’

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी धाकटी सभागृहात स्पीकरच्या वायरी जोडत होती. शेवटचा सूर जरा लांबवावा म्हणून ताई लॅपटॉपपाशी बसली. एवढं तिला जमायचं. धाकटीने वळून पाहिलं, तर पडद्यावर तीनच्या शेजारचं ते टिपण उघडं होतं.

“कधीपासून?” ताईने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

“तीन महिने. ताई, तुला वाईट वाटेल म्हणून...”

“माझ्या कानांचं मला वर्षभरापासून माहीत आहे.”

धाकटी वायरी सोडून उठली.

“डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच ठरवलं, घरात हिचे कान आहेत ना! आपण ‘वाढव’ म्हणत राहायचं. जास्त झालं की ही नाही म्हणेल, तिथे थांबायचं.” ताईने पडद्यावरच्या तीनवर बोट ठेवलं. “तू नाही म्हणालीच नाहीस. नऊपर्यंत गेले मी तुझ्या भरवशावर.”

धाकटीला रडू आवरेना. तिने पुढे होऊन ताईच्या खांद्यावर हात ठेवला. ताईने तो हळूच बाजूला सारला.

“आधीच्या वाद्यांच्या फायली उघड,” ती म्हणाली. “सगळ्या. टिपणं मला वाचायचीयत.”