झडपेतली खूण

बटण निळ्या खुणेपर्यंत फिरवलं तरी आमच्या गाडीत गरम वाराच यायचा.

गाडी बायको चालवते. मी शेजारी बसून तिला पुस्तक वाचून दाखवतो. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही; आवाज सापडतो तो या गाडीतच. ती ऐकते की नाही, हे मला कधी कळलेलं नाही. तिची नजर रस्त्यावर असते आणि विचारायचा मला धीर होत नाही. त्यातच माझी पुस्तकातली खुणेची बांबूची पट्टी हरवली. पान सापडेना, तेव्हापासून वाचनही थांबलं.

त्या दुपारी ती म्हणाली, "भट्टीत बसल्यासारखं वाटतंय. आज दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर गाडी भाच्याला देऊन टाकू."

मी "हं" म्हटलं. गाडी गेली की माझा आवाजही गेला.

गॅरेजमध्ये मेकॅनिकने बॉनेट उघडलं. एसीत गॅस भरपूर होता. एसीचा पाइप हाताला गारगार लागत होता.

"थंडी तयार होतेय, काका. आत येईपर्यंत वाटेत हरवतेय."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मनात पुन्हा म्हणून पाहिलं.

मग त्याने बटण फिरवत डॅशबोर्डला कान लावला. आतून टक टक टक आवाज आला, कुणी दार वाजवावं तसा.

"गरम आणि थंड हवा मिसळणारी झडप असते आत. मोटर ढकलतेय, पण ती अडकलीय. खोलावं लागेल."

मी मागच्या सीटवर बसून राहिलो. उकाड्याने डोळे मिटले. वाटलं, मी अगदी लहान होऊन त्या काळोख्या नळ्यांतून चाललोय. एकीकडे उन्हाळा, दुसरीकडे हिवाळा आणि मधे एक अर्धवट उघडं दार. मी दाराशी बसून वाचतोय. माझा आवाज दोन्ही ऋतूंत फिरून माझ्याकडेच परत येतोय.

"सापडला चोर!"

मी दचकून जागा झालो. मेकॅनिकच्या चिमट्यात बांबूची पट्टी होती, लाल दोऱ्याची. माझीच. वाचताना मी ती काढून पुढच्या काचेखाली, डॅशबोर्डवर ठेवायचो. तिथल्या फटीतून ती आत घसरली होती.

"काकू, तुमच्या गाडीला वाचायची हौस दिसतेय!"

"गाडीला कसली? यांना! आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं त्या पट्टीसाठी."

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

परतताना गाडीत हळूहळू गारवा पसरला. रस्ता पाण्याखालून दिसावा तसा शांत दिसू लागला. मी पुस्तक उघडलं, नुसतीच पानं चाळत राहिलो.

"दीपगृहाचा रखवालदार जिना चढतोय," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "कंदील विझलाय आणि वरून कुणीतरी त्याला नावाने हाक मारतंय."

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"अहो, बघताय काय? कोण आहे वर? किती दिवस झाले, जीव टांगणीला लागलाय माझा!"

पान सापडलं. मी घसा साफ केला आणि वाचू लागलो.

आमच्या घराचं वळण आलं. तिने गाडी सरळ जाऊ दिली.