मी, योगिताचा डावा खुबा

मी खुबा बोलतोय. दचकू नका. गुडघा बोलला असता तर तुम्ही लगेच खुर्ची पुढे केली असती. कंबर बोलली असती तर निम्म्या बायांनी "माझंबी तसंच बाई" म्हणून मान डोलावली असती. पण खुबा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, हा असतो तरी कुठे?

म्हणून आधी पत्ता सांगतो. बाई लेकरू कडेवर घेते ना, त्याचं बूड टेकतं तिथून जरा खाली, मांडीचं हाड जिथे कंबरेत अडकवलेलं आहे, तो सांधा म्हणजे मी. हाडाची वाटी आणि तिच्यात हाडाचा गोळा. उभं राहा, बसा, चढा, उतरा, सगळं माझ्यावरून जातं. नाव मात्र पायाचं होतं. "योगिताचा पाय किती चालतो!" असं सगळे म्हणायचे. माझं नाव कुणाच्या तोंडी कधी आलं नाही, आणि आलं तेव्हा लोक मला काढून टाकायच्या गोष्टी करत होते.

माझा जन्म शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात, अर्थात योगिताबरोबरच झाला. बालपण मजेत गेलं. कपाशीतून पळायचं, बांधावरून उड्या मारायच्या, शाळेत खो-खो खेळायचा. खुंटाला वळसा घालताना सगळा भार मी एकटा उचलायचो आणि टाळ्या योगिताला पडायच्या. सातवीनंतर तिची शाळा सुटली. माझी काही सुटका झाली नाही.

लग्न होऊन आम्ही सुरतेला आलो, पांडेसऱ्यात. नवरा लखन कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला. सासूचं नाव धुरपदाबाई. खोली तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंगला लिफ्टसाठी जागा सोडलेली होती, त्यात लोक कचरा टाकायचे. पाणी खाली यायचं आणि आम्ही वर राहायचो, म्हणजे हंडा कोण वर नेत असेल ते तुम्हीच ओळखा.

हंडे झाले की साड्या. गठ्ठा खालून आणायचा, मांडी घालून बसायचं, एकेका साडीवर खडे चिकटवायचे, गठ्ठा बांधून परत खाली नेऊन द्यायचा. मांडी घालून बसणं म्हणजे आराम, असं मांडीचं मत आहे. माझं मत कुणी विचारलं नाही.

मग माही झाली आणि मला बढती मिळाली. योगिता माहीला डाव्याच कडेवर घेणार, कारण उजव्या हातानं भाजी ढवळायची, कुलूप काढायचं, साडीवाल्याशी फोनवर भांडायचं. माही आणि मी एकमेकांना चांगलेच ओळखायचो. ती झोपली की जड व्हायची आणि जागी असली की टाचा मारायची. चालायला शिकली तरी जिना आला की हात वर करायची, "मम्मी, कडे!" आणि योगिता काळजीखोर बाई. जिना, रस्ता, कुत्रं, टेम्पो, सगळ्यांची तिला धास्ती. पोर खाली कमी आणि वर जास्त.

तर एका थंडीत मी दुखायला लागलो. आतल्या गोळ्याला रक्त कमी पडू लागलं होतं. मी हळूच सांगून पाहिलं. जांघेत एक कळ पाठवली. योगितानं ओठ दाबले. मग दुसरी पाठवली, तिसरी पाठवली.

आता गंमत ऐका. जांघेत दुखतं, हे बाईनं सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगितलं तर तो भलतंच समजेल. सासूला सांगितलं तर ती बातमी शोभाबाईकडे जाईल. शोभाबाई शेजारच्या खोलीत राहतात आणि त्यांच्याकडे गेलेली बातमी पार शहराबाहेर कडोदऱ्यापर्यंत पोचते. दवाखान्यात पुरुष डॉक्टर, बाजूला लखन उभा, मागे रांगेत चार माणसं. डॉक्टरनं विचारलं, "कुठे दुखतं?" योगितानं मान खाली घातली आणि बोट ठेवलं गुडघ्यावर.

तिचं सगळंच खोटं नव्हतं. माझ्या कळा कधीकधी गुडघ्यापर्यंत जातात, तशी आमची जुनी खोड आहे. पण झालं काय, की गुडघ्याचे लाड सुरू झाले. गुडघ्याचा फोटो काढला, तो एकदम छान आला. गुडघ्याला तेल, गुडघ्याला पट्टा, गुडघ्याला शेक. शोभाबाईंनी एरंडाची पानं आणून दिली, तीसुद्धा गुडघ्याला. ठणठणीत गुडघा पाहुण्यासारखा पानं गुंडाळून बसलेला आणि मी वरच्या मजल्यावर मरत होतो. मरत होतो हे उगाच म्हणत नाही. पुढे डॉक्टरांनीही हाच शब्द वापरला.

श्रावणात कानबाई आली. आम्हा खानदेशी माणसांना सुरतेत राहून दिवाळी चुकली तरी चालेल, कानबाई चुकणार नाही. रविवारी देवी बसते, सोमवारी निघते. घरच्या सुनेनं चौरंगासकट देवी डोक्यावर घ्यायची आणि वाजंत्रीपुढे नाचत जायचं. त्या वर्षी मान योगिताचा होता. ती लंगडते हे सगळ्या गल्लीला दिसत होतं. धुरपदाबाई म्हणाल्या, "देवी डोकावर लिसी की दुखनं पळी जाई."

देवी डोक्यावर घेतली. दुखणं कुठेही पळालं नाही, ते माझ्यातच होतं. दुसऱ्या वळणावर मी दगा दिला. हो, मीच दिला. आतला गोळा खचला आणि पाय निसटला. बायांनी देवी झेलली. योगिताला कुणी झेललं नाही. देवीचं काही वाकडं झालं नाही ना, हे आधी सगळ्यांनी नीट पाहून घेतलं.

त्यानंतर मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला आडवं झोपवून पाय आत वळवला आणि योगिता ओरडली. माझा आयुष्यातला पहिला फोटो निघाला. फारसा चांगला आला नव्हता. डॉक्टरांचं बोलणं निम्मं गुजराती, निम्मं हिंदी. मी आपलं मराठीत सांगतो. "गोळ्याचं हाड मेलंय आणि आता चपटं झालंय. गोळ्या खाऊन ते परत गोल होणार नाही. शेवटी सांधा बदलावा लागेल. पण वय लहान आहे. नवा सांधा वीस-पंचवीस वर्षं काढतो, कुणाचा जास्त, कुणाचा कमी. म्हातारपणी पुन्हा एकदा ऑपरेशन लागू शकतं. म्हणून कधी करायचं ते फोटोवर कमी आणि त्रासावर जास्त ठरतं." मग बाई दिवसभर काय करते, हे त्यांनी विचारलं, "बेन आखो दिवस शुं करे छे?"

योगितानं तोंड उघडायच्या आत लखननं उत्तर दिलं, "कंई नहीं साहेब, घरे ज होय छे."

काही नाही करत, घरीच असते! मी मेलेला होतो तरी मला हसू आलं. हंडे आपोआप जिना चढत असतील. साड्यांचे गठ्ठे उडत येत असतील. लखनचा हेतू वाईट नव्हता. बायकोला फार कष्ट नाहीत, हे सांगण्यात त्याला अभिमान वाटत होता. डॉक्टर म्हणाले, घरीच असते तर घाई नको. काठी घ्या, खाली बसू नका, वजन उचलू नका, काही महिन्यांनी पाहू.

घरी आल्यावर सल्ल्यांचा पूर आला. धुरपदाबाई म्हणाल्या, "खुबा बी बदलतस का कोठे? गाडीनं चाक शे का ते?" शोभाबाईंच्या माहितीत एक बाई होती, तिचं ऑपरेशन झालं आणि ती नंतर कधी उठलीच नाही. ही बाई कोण, कुठली, हे त्यांना सांगता येईना. पण ती उठली नाही हे पक्कं होतं.

योगिता सगळं ऐकायची आणि घाबरायची. तिला स्वतःची भीती नव्हती. भूल दिली आणि डोळे उघडलेच नाहीत तर माहीची वेणी कोण घालेल? नवा सांधा बसला आणि त्यावर पोर घेता आलं नाही तर? आणि नाही बसवला तर? विचार करकरून तिनं एकच गोष्ट केली, माहीला उजव्या कडेवर घेऊ लागली. उजव्या खुब्यानं माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू.

मग ती दुपार आली. काठी टेकत योगिता माहीला घेऊन खाली उतरली होती. पोर म्हणालं, "मी चालते," म्हणून तिनं तिला खाली सोडलं. समोर फुगेवाला दिसला. माहीनं हात सोडवला आणि धूम ठोकली. मिलच्या रस्त्यावरून कापडाच्या ताक्यांनी भरलेला टेम्पो येत होता. योगिता पळायला गेली. मी पळालो नाही. खरंच सांगतो, मला पळता आलं नाही. ती जागेवरच पडली आणि पडल्या पडल्या ओरडली, "माहीऽऽ!"

टेम्पोवाल्यानं ब्रेक दाबला. शोभाबाई भाजीची पिशवी टाकून धावल्या आणि पोरीला दंडाला धरून मागे ओढलं. माहीला खरचटलंसुद्धा नाही. ती फुग्यासाठी रडत होती. शोभाबाईंनी तिला योगिताच्या मांडीत आणून टाकलं आणि म्हणाल्या, "मी सांगितलेली ती बाई सोड. मला काय ठावं ती उठली की नाही! तू जा बाई, करून घे."

त्याच आठवड्यात, दुखणं वाढलंय एवढंच लखनला सांगून, आम्ही पुन्हा डॉक्टरांपुढे बसलो. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कसा आहे? सवयीप्रमाणे लखननं घसा साफ केला, "साहेब, एमां एवुं छे के..."

"तुम्ही थांबा हो," योगिता म्हणाली. "दुखतं मला, सांगता तुम्ही."

लखननं खुर्ची जरा मागे घेतली.

मग ती बोलली. जांघेत दुखतं, हे नवऱ्यासमोर, डॉक्टरांसमोर, दारात डोकावणाऱ्या माणसासमोर स्वच्छ सांगितलं. हंडे सांगितले, जिना सांगितला, गठ्ठे सांगितले, पोर सांगितली. शेवटी टेम्पो सांगितला. लखन फरशीकडे पाहत होता. टेम्पोचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, शोभाबाईंनीसुद्धा नाही.

डॉक्टर म्हणाले, "हे मला आधी कळायला हवं होतं. असं असेल तर थांबण्यात अर्थ नाही."

"पोर कडेवर घेता येईल?"

"सुरुवातीचे काही महिने नाही. मग हळूहळू, मी सांगेन तेव्हा. जमिनीवर मांडी घालून काम नाही, टेबल घ्या. संडास खुर्चीसारखा लागेल. हंडे बंद."

"आणि पोरीमागं पळायचं असलं तर?"

डॉक्टर हसले. "रोज शर्यत लावू नका. चाला भरपूर. पण पोर रस्त्यावर सुटली तर मी काय तुम्हाला अडवायला येणार आहे?"

योगितानं लखनला विचारलं नाही. "तारीख द्या," म्हणाली.

आज ती तारीख आहे. सिस्टरनं योगिताच्या डाव्या मांडीवर पेनानं मोठा बाण काढलाय. इतकी वर्षं माझा पत्ता कुणाला माहीत नव्हता, आणि आता बाणासकट! धुरपदाबाई सिस्टरशी वाद घालतायत. काढलेलं हाड आमचं आम्हाला द्या, तापीत सोडायचं आहे. सिस्टर म्हणते, मावशी, ते तपासायला जातं. म्हातारी माघार घेत नाहीय. मालकीण जिवंत असताना माझ्या क्रियाकर्माची एवढी काळजी! मी भारावलोय, पण तपासायला जाणं पत्करलं.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. कुठे दुखतं असं कुणी विचारलं, तर जिथे दुखतं तिथेच बोट ठेवा. लाज वाटली तर डोळे मिटून ठेवा, पण तिथेच ठेवा. आणि माझ्या जागी येणाऱ्या भावा, तू धातूचा आहेस, तुझं रक्त आटायचं नाही. पण भार पुष्कळ आहे, आधीच सांगतो.

स्ट्रेचर निघालं. योगिता मान वळवून मागे पाहतेय. दारात लखन उभा आहे, त्यानं माहीला कडेवर घेतलंय. घेतलंय कसलं, पोर घसरतेय आणि हा दर दोन श्वासांनी तिला वर उचलतोय. योगिता भुलीच्या खोलीत शिरता शिरता ओरडते, "अहो, कंबर जरा बाहेर काढा! तिथं बसवा तिला!"

लखन कंबर बाहेर काढतो. चुकीची काढतो, मग दुसरी काढतो. माही टेकते.

जमेल त्याला. माझं झालं.